पाच वर्षांची गोळी आणि न ऐकलेली तक्रार

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन स्त्री घरी परतली, रसायनोपचाराच्या खेपा संपल्या, किरणोपचाराचे दिवसही उलटले, म्हणजे घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो. भेटीला येणाऱ्या आप्तेष्टांची वर्दळ ओसरते, रजेवर असलेला मुलगा कामावर रुजू होतो, बोललेला सत्यनारायण पार पडतो आणि दुखणे एकदाचे संपले अशी सर्वांची समजूत होते. याच सुमारास डॉक्टर एक बारीकशी गोळी लिहून देतात आणि ती रोज एक याप्रमाणे निदान पाच वर्षे घ्यावयाची आहे असे सांगतात. घरातल्या औषधांच्या डब्यात ती रक्तदाबाच्या आणि शक्तीच्या गोळ्यांच्या शेजारी जाऊन बसते आणि तिचे महत्त्वही हळूहळू त्या शेजारानुसारच ठरू लागते. शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढणारे कुटुंब ही गोळी संपली आहे याची दखल आठवडा आठवडा घेत नाही. वास्तविक रजोनिवृत्तीनंतर हा रोग झालेल्या स्त्रियांपैकी बहुसंख्यांच्या बाबतीत ही गोळी म्हणजेच उपचाराचा एक प्रमुख भाग असतो. ती मध्येच सुटते तेव्हा दोष सर्रास रुग्णाच्या माथी मारला जातो. तिने तक्रार केली होती आणि ती कोणी ऐकली नाही, ही बाजू फारशी पुढे येत नाही.

या गोळीचे मूळ बरेच जुने आहे. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी दुग्धस्रवणाचा अभ्यास करताना असे ऐकले होते की, गाईचे दूध अधिक काळ चालू राहावे म्हणून काही ठिकाणचे शेतकरी तिची अंडाशये काढून टाकतात. स्तन आणि अंडाशय हे शरीरात एकमेकांपासून दूर असलेले अवयव. तरीही एकाचा अंमल दुसऱ्यावर चालतो, ही गोष्ट त्यांच्या मनात घोळत राहिली. नेहमीच्या शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेर गेलेल्या रुग्णांची अंडाशये काढल्यावर गाठी ओसरल्याचा अनुभव त्यांनी १८९६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ‘हार्मोन’ हा शब्द वैद्यकात प्रथम वापरला गेला तो त्यानंतर नऊ वर्षांनी, १९०५ मध्ये. म्हणजे नाव सापडण्यापूर्वीच उपचार सापडला होता. तो सर्वांनाच का लागू पडत नाही, याचा उलगडा व्हायला मात्र अर्धशतकाहून अधिक काळ लागला. शिकागोचे एलवुड जेन्सन यांनी एकोणीसशे पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की, इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक पेशीतील एका विशिष्ट प्रथिनाला जाऊन चिकटते आणि मगच आपले काम करते. या प्रथिनाला ग्राही म्हणतात. ज्या गाठीच्या पेशींत हे ग्राही असतात ती गाठ इस्ट्रोजेनवर पोसली जाते. ज्या गाठीत ते नसतात तिला इस्ट्रोजेन असले काय आणि नसले काय, सारखेच. स्तनाच्या कर्करोगांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या प्रकारात मोडतात आणि वय वाढत जाते तसे त्यांचे प्रमाणही वाढत जाते.

औषधाच्या शोधाची कथाही सरळ नाही. इंग्लंडमधील आय. सी. आय. या कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६२ मध्ये टॅमॉक्सिफेन तयार झाले तेव्हा संशोधकांच्या डोळ्यांसमोर संततिनियमनाचे औषध होते. त्या कामी ते साफ फसले. उलट त्याने बीजविमोचनाला मदतच होते असे आढळले. पुढे ते कर्करोगावर आजमावले गेले आणि ब्रिटनमध्ये १९७३ साली व अमेरिकेत १९७७ साली त्याला मान्यता मिळाली. टॅमॉक्सिफेन ग्राहीवर स्वतःच ठाण मांडून बसते, त्यामुळे इस्ट्रोजेनला जागा उरत नाही.

यावर एक साधा प्रश्न कोणीही विचारील, आणि पुष्कळ स्त्रिया तो विचारतातही. पाळी जाऊन दहा वर्षे झाली, अंडाशये थंडावली, मग शरीरात इस्ट्रोजेन उरले आहे कोठे? ते उरते, थोडे का होईना पण उरते. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून पुरुषसंप्रेरकांच्या जातीची काही द्रव्ये स्त्रियांच्या शरीरातही पाझरत असतात. मेद, स्नायू आणि खुद्द स्तनाच्या ऊतींत अ‍ॅरोमाटेज नावाचे एक विकर असते. ते या द्रव्यांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. रजोनिवृत्तीनंतरचा इस्ट्रोजेनचा पुरवठा मुख्यतः या वाटेने होतो. ही वाटच बंद करावी, या कल्पनेचा पाठपुरावा करणाऱ्यांत अँजेला ब्रॉडी या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या जीवरसायनशास्त्रज्ञ बाईंचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. टॅमॉक्सिफेनचा बोलबाला चालू असताना त्यांनी अ‍ॅरोमाटेजला अटकाव करणारी द्रव्ये शोधली. त्या दिशेने झालेल्या कामातूनच पुढे अ‍ॅनास्ट्रोझोल, लेट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन ही आज सर्वत्र वापरली जाणारी तीन औषधे १९९५ ते १९९९ या काळात अमेरिकेत मान्यता पावली. शरीरातील उरलेसुरले इस्ट्रोजेन ती नव्वद टक्क्यांहून अधिक घटवतात. अंडाशये चालू असताना मात्र ही औषधे एकटी पुरी पडत नाहीत. रसायनोपचारामुळे चाळिशीतल्या स्त्रीची पाळी थांबली तर ती रजोनिवृत्तीच आहे असे धरून चालणे म्हणूनच धोक्याचे असते. पाळी पुन्हा सुरू होऊ शकते, आणि तोवर गोळीवरचा भरवसा अस्थानी ठरलेला असतो.

लाभ किती, याबद्दल आता संशय घेण्याजोगे फारसे उरलेले नाही. जगभरच्या चाचण्यांची एकत्र छाननी करणाऱ्या, ऑक्सफर्डहून चालणाऱ्या संशोधक गटाने २०११ मध्ये दाखवले की, ग्राहीयुक्त रोगात पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्यास पंधरा वर्षांच्या काळात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. याच गटाने २०१५ मध्ये रजोनिवृत्ती झालेल्या ३१,९२० स्त्रियांची माहिती तपासली. पाच वर्षे अ‍ॅरोमाटेजरोधक घेणाऱ्यांत टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांपेक्षा दहा वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण आणखी सुमारे १५ टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे संप्रेरकरोधक औषध मुळीच न घेण्याशी तुलना केली तर घट सुमारे ४० टक्क्यांची होते. हे आकडे सापेक्ष आहेत हे विसरता कामा नये. रोग परतण्याचा धोका मुळातच थोडा असलेल्या स्त्रीला प्रत्यक्ष लाभही थोडाच होणार. तरीही ज्या गोळीच्या जेनेरिक आवृत्त्या भारतीय कंपन्या तयार करतात, जिचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, तिने एवढे साधावे हे वैद्यकाच्या इतिहासात वारंवार घडत नाही. कर्करोगावरील लाखो रुपयांच्या नव्या औषधांच्या बातम्या वाचून हळहळणाऱ्यांनी या स्वस्त औषधाचे आपण काय करतो याचाही हिशेब एकदा मांडावा.

पहिली गळती गोळी सुरू होण्याआधीच होते. गाठीत ग्राही आहेत की नाहीत हे काढलेल्या ऊतीची तपासणी करूनच कळते, आणि ती तपासणी दिसते तितकी साधी नाही. काढलेला भाग फॉर्मॅलिनच्या योग्य द्रावणात, पुरेशा प्रमाणात आणि वेळेवर बुडवला गेला नाही तर ग्राही असूनही ते तपासणीत दिसेनासे होतात. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड व लॅब्राडॉर प्रांतात १९९७ ते २००५ या काळात झालेल्या अशा तपासण्यांतील सुमारे चारशे रुग्णांचे निष्कर्ष पुढे चुकीचे ठरले. ज्यांना संप्रेरकरोधक औषध द्यायला हवे होते अशा अनेक स्त्रियांना ते मिळालेच नव्हते. प्रांताने न्यायाधीश मार्गारेट कॅमेरॉन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला आणि २००९ मध्ये त्याचा अहवाल आला. साधनसंपन्न देशात, सरकारी खर्चाने चालणाऱ्या व्यवस्थेत ही गत. आपल्याकडे तालुक्याच्या गावी छोट्या शुश्रूषागृहात गाठ काढली जाते, ती कुठल्याशा बरणीत घालून नातेवाइकाच्या हाती दिली जाते आणि तो एस. टी.ने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेकडे निघतो. त्या बरणीत द्रावण कोणते होते, किती होते, ती किती तासांनी पोचली, याची नोंद कोण ठेवते? आयोग नेमण्याइतकी चूक उघडकीस येण्यासाठी आधी नोंदी असाव्या लागतात.

त्यानंतरचा घोटाळा भाषेचा आहे, आणि तो क्षुल्लक समजू नये. बोलण्यात या औषधाला ‘हार्मोनची गोळी’ म्हणतात. डॉक्टर म्हणतात, परिचारिका म्हणतात, औषधविक्रेताही म्हणतो. ऐकणाऱ्याची समजूत अशी होते की या गोळीतून शरीराला हार्मोन मिळते. आता रजोनिवृत्तीचा त्रास कमी व्हावा म्हणून खरोखरीच हार्मोन देणाऱ्या गोळ्याही असतात. त्यांपैकी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन यांचे मिश्रण असलेल्या गोळ्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असे अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत २००२ मध्ये आढळले आणि ती बातमी जगभर पोचली. शेजारची कोणी वाचलेली बाई कळवळ्याने सांगते, “अहो काकू, हार्मोनच्या गोळ्यांनीच तर कॅन्सर होतो, मी वाचलंय.” तिने वाचलेले खोटे नसते. परंतु एक गोळी हार्मोन देते आणि दुसरी ते बंद पाडते, या दोन परस्परविरुद्ध वस्तूंना आपण एकच नाव देऊन ठेवले आहे. भरीस भर म्हणून लेट्रोझोल वंध्यत्वाच्या उपचारातही वापरले जाते. त्या वापरावर भारत सरकारने २०११ मध्ये बंदी घातली होती, ती २०१७ मध्ये उठवली. साठीच्या स्त्रीच्या हाती पडलेल्या औषधाविषयी घरातल्या कॉलेजकुमाराने माहिती शोधावी आणि तिला मूल होण्याच्या उपचाराची हकिगत वाचून दाखवावी, असा प्रकार घडला तर नवल नाही. ‘हार्मोनरोधक गोळी’ हा शब्द जिभेला थोडा जड जातो खरा, पण तो खरे सांगतो.

आता मुख्य गोष्टीकडे वळावयाचे. गोळी सुरू झाली तरी ती चालू राहतेच असे नाही. उत्तर कॅलिफोर्नियातील ८,७६९ स्त्रियांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्यांहूनही किंचित कमी स्त्रियांनी संप्रेरकरोधक औषध पूर्ण मुदतीपर्यंत आणि ठरल्याप्रमाणे घेतले होते. या साऱ्या स्त्रिया विमा असलेल्या होत्या, औषध त्यांच्या आवाक्यात होते. मग त्या का थांबल्या? सर्वांचे कारण एक नसते. अ‍ॅरोमाटेजरोधक घेणाऱ्यांच्या बाबतीत मात्र एक तक्रार सर्वत्र पुढे येते, ती सांधेदुखीची. सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली असतात, मूठ वळत नाही, जिना उतरताना गुडघे धरतात, जमिनीवरून उठताना कशाचा तरी आधार घ्यावा लागतो. बरण्यांची झाकणे उघडत नाहीत, पोळ्या लाटताना मनगट भरून येते. निवृत्त शिक्षिकेला फळ्यावर लिहावयाचे नसते म्हणून तिचा हात दुखत नाही असे कोणी समजू नये. रात्री अंगाची आग होऊन झोप मोडते ती वेगळीच.

हे दुखणे विलक्षण आहे ते एवढ्यासाठी की, त्याचे रूप हुबेहूब म्हातारपणासारखे असते. शरीरातील इस्ट्रोजेन एकाएकी नाहीसे झाले की दहा वर्षांत यावयाचा ताठरपणा काही आठवड्यांत येतो. स्त्री डॉक्टरांना भीत भीत सांगते, “डॉक्टरसाहेब, सांधे फार धरलेत हो.” डॉक्टरांच्या दाराबाहेर तीस रुग्ण ताटकळत असतात. ते म्हणतात, “काकू, वयाप्रमाणे होणारच.” घरी सून तेच म्हणते, शेजारीण तेच म्हणते, आणि अखेर ती स्वतःही तेच म्हणू लागते. पण तिचे शरीर फसत नाही. प्रवासात गोळ्या विसरल्या म्हणून पंधरा दिवस खाडा होतो आणि हाताची बोटे मोकळी होतात. त्या दिवशी तिला कळते की हे वय नव्हते. डॉक्टरांनी जे सांगितले नाही ते तिला गोळीने सांगितले. मग ती पुन्हा गोळीकडे वळत नाही आणि पुढच्या भेटीत “घेते आहे” असे सांगून मोकळी होते. खोटे बोलण्याची तिची इच्छा नसते. तक्रार केली तर उत्तर काय मिळणार हे तिला पाठ झालेले असते, इतकेच.

आणि गोळी चुकवण्याची शिक्षा लगेच होत नाही, ही यातली खरी मेख आहे. मधुमेहाची गोळी चुकली तर साखर वाढलेली दिसते. येथे काहीच दिसत नाही. भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी दरमहा पगारातून कापली जाते, तिचा फायदा त्या महिन्यात कोणालाच जाणवत नाही, पण कारकुनाला ती थांबवण्याची मुभा नसते म्हणून ती चालू राहते. गोळीला असा कोणी कापणारा नाही. ग्राहीयुक्त रोग पाच, दहा, प्रसंगी पंधरा वर्षांनीही परततो, बहुधा हाडांत. तोवर कोणत्या साली कोणती गोळी सुटली होती हे घरात कोणाला आठवत नसते.

वेदनेवर इलाज नाही असेही नाही, आणि म्हणूनच ‘वयाप्रमाणे होणारच’ हे उत्तर अक्षम्य ठरते. अमेरिकेत अ‍ॅरोमाटेजरोधक घेणाऱ्या आणि सांध्यांच्या दुखण्याने बेजार झालेल्या १२१ स्त्रियांवर एक प्रयोग झाला व त्याचा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दीडशे मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम आणि दोन वेळा वजने उचलण्याचा व्यायाम वर्षभर करणाऱ्यांची वेदना सुमारे तीस टक्क्यांनी उतरली. न करणाऱ्यांची तशीच राहिली. एका औषधाने त्रास झाला तर त्याच वर्गातील दुसरे देऊन पाहता येते, आणि तेही सोसले नाही तर टॅमॉक्सिफेनकडे वळता येते. टॅमॉक्सिफेन हाडांना धार्जिणे आहे. मात्र त्याने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आणि शिरांत रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका काहीसा वाढतो. अ‍ॅरोमाटेजरोधकांचे उलटे, तेथे हाडे ठिसूळ होतात आणि मोडण्याचे प्रमाण वाढते, म्हणून हाडांची घनता आरंभीच मोजावयाची, कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व पाहावयाचे आणि आवश्यक त्या रुग्णाला हाडे बळकट करणारे औषध द्यावयाचे. या वर्गातील बिस्फॉस्फोनेट औषधांनी रजोनिवृत्त स्त्रियांत हाडांत रोग परतण्याचे प्रमाणही घटते, असे २०१५ च्या एका एकत्रित छाननीत दिसून आले आहे. यातले काहीही अद्भुत नाही. प्रत्येकाला लागतात ती चार मिनिटे अधिकची.

ती चार मिनिटे द्यावयाची कोणी, हा प्रश्न डॉक्टरांच्या सद्‌भावनेवर सोडून भागणार नाही. आपल्याकडील विमा आणि आरोग्य योजना यांचा घाट मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याभोवती बांधलेला आहे. खाटेवर झोपलेल्या रुग्णाचे दर ठरलेले असतात. मूठ वळत नाही म्हणून बाह्यरुग्ण विभागात आलेल्या स्त्रीचा दर कोणी ठरवलेला नाही. विदर्भातून किंवा खानदेशातून उपचारासाठी परळला येऊन गेलेली स्त्री पुढची पाच वर्षे दर तीन महिन्यांनी मुंबईची फेरी कोठून करणार? बरोबर दिलेल्या गोळ्या संपल्या की गावच्या दुकानात त्या पुष्कळदा नसतात, आणि दुकानदार “मागवून देतो” म्हणतो त्या आठवड्याचा महिना होतो. क्षयरोगाच्या बाबतीत आपण वेगळे वागून दाखवले आहे. रुग्णाने गोळी घेतली की नाही हे पाहण्यासाठी सरकारी कार्यकर्ते घरापर्यंत पोचले, कारण ती सुटली तर काय होते हे शासनाला उमगले होते. त्या मानाने येथे मागणे फार थोडे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात या तीन-चार औषधांचा साठा असावा, आणि तेथील परिचारिकेजवळ अशा स्त्रियांची एक वही असावी. कोणाच्या गोळ्या कधी संपतात, कोणाचे सांधे धरले आहेत, हे तिने विचारावे व शहरातील डॉक्टरांना दूरध्वनीवरून कळवावे. जागतिक आरोग्य परिषदांचे ठराव यासाठी लागत नाहीत.

काही स्त्रियांनी जाणूनबुजून गोळी थांबवली तर ते चूकच ठरेल असे मात्र म्हणता येत नाही. पंच्याहत्तरी ओलांडलेली, लहानशी गाठ वेळेवर निघालेली, हृदयाच्या दुखण्याने आधीच खंगलेली स्त्री ‘उरलेले दिवस हात चालते असू द्या’ असे म्हणत असेल तर तिच्या म्हणण्यात वजन आहे; तिच्या बाबतीत गोळीचा प्रत्यक्ष लाभ शेकड्यात एखाददुसराच असू शकतो. असा निर्णय घेण्यापूर्वी तिला स्वतःचा धोका किती, लाभ किती, दुसरे औषध कोणते, हे तिच्या भाषेत सांगितलेले असले पाहिजे. तसे सांगून झालेला निर्णय केसपेपरवर लिहिला जातो आणि डॉक्टरांना ठाऊक असतो. आज पुष्कळ घरांत हा निर्णय डब्यात शिल्लक राहिलेल्या गोळ्यांच्या पट्टीवरच तेवढा वाचता येतो, आणि ती पट्टी तपासणीच्या दिवशी पिशवीत घालून आणावयास कोणी सांगितलेले नसते.